चिंचवडचे देव, मूरच्या मूर्ति व वसईच्या घंटा

१

पवनेच्या कांठीं वसलेलें चिंचवड हें पुणें प्रांतांतील गाणपत्यांचें मुख्य ठाणें. मोरया गोसावी यांची समाधि तेथेंच आहे. समाधीवरील देवालयाचें काम शके १५८० विलंबी संवत्सरीं कार्तिक शुद्ध द्वादशीस सुरू झालें व शके १५८१ विकारी संवत्सरीं आषाढ शुद्ध चतुर्थीस पुरें झालें, असें तेथील लेखावरून समजतें, म्हणजे इ. स. १६५८-५९. गोसाव्यांच्या काळाविषयीं अभ्यासकांत एकमत नाहीं. तो वाद येथें काढण्याचें प्रयोजनहि नाहीं. मोरगांवच्या मयूरेश्वराची त्यांची वारी, कऱ्हेच्या पात्रांत त्यांस सांपडलेली मंगलमूर्ति, आणि सात पिढ्यांपर्यंत आपल्या कुळांत गणपतीचा अंश राहील हा त्यांस मिळालेला वर, या गोष्टी परंपरेनें चालत आल्या आहेत. गोसाव्यांचे पुत्र चिंतामणि यांस तुकोबांनीं 'देव' म्हणून संबोधिलें व तेव्हांपासून कुळास तेंच नांव पडलें, असें सांगतात. भाद्रपदांत व माघांत चिंचवडाहून मोरगांवास पालखी जाते, आणि महाराष्ट्रांत घरोघर 'मोरया' म्हणून जो गजर होतो त्यांत याच पुरुषाचें नांव आहे, अशी सर्वत्र समजूत आहे.

हा सर्व भाग वाचकांस ठाऊकच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्या बाजूचा आहे. इ. स. १८०० ते १८१० या दहा वर्षांत दोन इंग्रज अभ्यागत देवांच्या वाड्यांत आले व त्यांनीं जें पाहिलें तें आपापल्या देशबांधवांसाठीं लिहून ठेविलें. ते दोन वृत्तांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचले असतां एक जुनाच प्रश्न नव्यानें उभा राहतो: परक्याची पूज्य व्यक्ति, पूज्य वस्तु किंवा पूज्य पोथी आपल्यासमोर आली असतां तिच्याशीं कसें वागावें? हा प्रश्न इंग्रजांसच लागू आहे असें नाहीं. तो आपल्या पूर्वजांस लागू होता, आणि जुनीं दप्तरें गोळा करीत हिंडणाऱ्या आम्हां सर्वांस तर तो रोज लागू आहे.

२

पहिला अभ्यागत एडवर्ड मूर. लहान वयांतच कंपनीच्या फौजेंत शिरलेला हा मनुष्य टिपूवरील मोहिमेंत कॅप्टन लिटलच्या पलटणीबरोबर परशुरामभाऊंच्या सैन्यांत वावरला होता व त्या मोहिमेचा वृत्तांत त्यानें १७९४ सालीं छापला होता. मराठी माणसें त्यानें छावणींत पाहिलेलीं होतीं. १८०० च्या सुमारास तो चिंचवडास आला, आणि 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडांत (१८०१) त्यानें पुण्याच्या व आसपासच्या ब्राह्मणांस वंद्य असलेल्या एका वंशपरंपरागत सजीव देवाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें १८१० सालीं लंडनास छापलेल्या 'हिंदु पँथिऑन' या त्याच्या मोठ्या ग्रंथामुळें त्याचें नांव युरोपांत सर्वतोमुखीं झालें.

मूरच्या हकीकतींत मोरया गोसाव्यांची तपश्चर्या, सात पिढ्यांचा वर, देवांची वंशपरंपरा, हें सर्व येतें. आलमगीर बादशहाची प्रसिद्ध कथाहि येते: बादशहानें देवांची परीक्षा पाहण्यासाठीं झांकलेल्या पात्रांतून गोमांस पाठविलें, पात्र उघडतांच फुलें निघालीं, आणि प्रसन्न होऊन बादशहानें आठ गांव इनाम दिले. मांसाचीं फुलें होण्याची कथा इतर अनेक सत्पुरुषांविषयींहि सांगतात. इतिहासाच्या कामीं तिला पुराव्याची किंमत नाहीं. इनामाचा पुरावा सनदेंत, शिक्क्यांत व वहिवाटींत शोधावयाचा असतो. तथापि कथेचें मोल निराळें आहे. दुसऱ्याचा धर्म बाटविण्यासाठीं घेतलेली परीक्षा शेवटीं घेणाऱ्यावरच उलटते व त्यास दाता करून सोडते, हें त्या काळच्या लोकांस सांगावयाचें होतें. मूरनें ही कथा ज्यांची त्यांच्या तोंडून ऐकली व लिहून घेतली. ती खरी मानावी अशी अपेक्षा त्याच्याकडून कोणीहि करणार नाहीं. त्यानें विचारलें, ऐकलें व नोंदविलें. एवढें त्याच्या पदरीं पुण्य आहे.

त्याच्या हकीकतींत एक दोष मात्र मथळ्यापासूनच शिरला आहे. 'देव' हा मराठी शब्द त्यानें आपल्या भाषेंतील ईश्वरवाचक शब्दानें उचलला. आपल्याकडे 'देव' हें आडनांव आहे, 'भूदेव' हें संबोधन आहे, 'देवमाणूस' ही स्तुति आहे. गणपतीचा अंश एका कुळांत आहे असें मानणें निराळें, आणि वाड्याच्या ओटीवर बसलेला पुरुष हाच जगन्नियंता असें मानणें निराळें. चिंचवडचा भाविक पहिलें मानीत होता. लंडनच्या वाचकास दुसरें कळलें. अनादर करण्याचा हेतु नसतांहि केवळ एका शब्दाच्या भाषांतरानें एक कुळ परदेशीं नवलाची वस्तु होऊन बसलें. शब्दाची छटा त्या शब्दाच्या मालकांस विचारून घेतली असती तर हें टळलें असतें.

३

दुसरी अभ्यागत मारिया ग्रॅहॅम. १८०९ सालीं ती आपल्या वडिलांबरोबर मुंबईस आली व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तिनें पुण्याकडील प्रवास केला. तिची हिंदुस्थानांतील रोजनिशी १८१२ सालीं प्रसिद्ध झाली. त्या रोजनिशींतील चिंचवडचें वर्णन थोडकेंच आहे. पण पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत (१८८५) तें घेतलें गेल्यामुळें चिंचवडाविषयीं इंग्रजी वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीस तें पडलें.

तिनें पाहिलेले देव हे लहान वयाचा मुलगा होते. तिच्या वर्णनाचा सारांश असा: जागा घाणेरडी, खिडकीखिडकींत गुबगुबीत ब्राह्मण, एका साध्या ओसरींत पाटावर बसलेला हा मुलगा इतर मुलांसारखाच, फक्त डोळ्यांत एक प्रकारचा बावरेपणा, आणि तो रोज देण्यांत येणाऱ्या अफूमुळें आलेला आहे असें म्हणतात, त्यास इतर मुलांबरोबर खेळूं देत नाहींत, आणि ब्राह्मणांखेरीज कोणाशीं बोलतां येऊं नये म्हणून संस्कृताखेरीज दुसरी भाषा बोलूं देत नाहींत. त्यानें पाहुण्यांचें आदरानें स्वागत केलें, इंग्रज लोकांस पाहून आपणांस नेहमीं आनंद होतो असें दुभाष्यामार्फत सांगितलें, व निरोप देतांना आपल्या हातानें बदाम व हिंगाच्या वासाची खडीसाखर दिली. पाहुण्यांनीं त्यास मूठभर रुपये दिले.

या मजकुरांत डोळ्यांनीं पाहिलेलें किती व कानांनीं ऐकलेलें किती, हें संशोधकानें वेगळें केलें पाहिजे. ओसरी, पाट, बदाम, खडीसाखर व मुलाचें आर्जव हें पाहिलेलें. अफू, संस्कृत व खेळण्याची मनाई हें ऐकलेलें. कोणाकडून, तें तिनें सांगितलेलें नाहीं. जो मुलगा संस्कृताखेरीज कांहीं बोलत नाहीं, तो आपल्या मातोश्रींजवळ पाणी कोणत्या भाषेंत मागत असेल, हा साधा प्रश्न बाईंच्या मनांत आला नाहीं. खडीसाखरेस हिंगाचा वास कोठून आला, हेंहि त्या घरच्या स्वयंपाकघरांत विचारतां आलें असतें. आणि मुलांस अफूचा अंश देण्याविषयीं म्हणाल तर त्या काळीं अफूमिश्रित औषधें मुलांस पाजण्याची चाल खुद्द इंग्लंडांतहि घरोघर होती.

येथें बाईंची निंदा करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या विदुषी होत्या; हिंदुस्थानच्या विद्येविषयीं त्यांनीं पुढें १८१४ सालीं स्वतंत्र पुस्तकहि लिहिलें. म्हणूनच हें उदाहरण ध्यानांत धरण्याजोगें आहे. ज्या मुलानें सौजन्यानें वागविलें, हातीं प्रसाद दिला, त्याच्याविषयीं ऐकीव गोष्टी छापतांना त्यास कांहीं विचारावें असें एका सुशिक्षित व्यक्तीस वाटलें नाहीं. त्या मुलाची बाजू कोणत्याहि ग्रंथांत आली नाहीं. आजहि आपणांस त्याचे डोळे तेवढे ठाऊक आहेत, त्यानें त्या दिवशीं काय पाहिलें तें ठाऊक नाहीं.

दोष परकेपणाचा नाहीं, पद्धतीचा आहे, हें दाखविण्यास एक प्रतिउदाहरण पुरेसें आहे. १९८९ सालीं लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देवांच्या कुळावरील इंग्रजी ग्रंथ केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. तेहि परकेच. परंतु त्यांनीं इनामांचे जुने कागद वाचले, हें कुळ व राज्यसत्ता यांचे संबंध पिढ्यानुपिढ्या कसे जुळत व बदलत गेले तें तपासलें. त्यांच्या ग्रंथांत देव हे नवलाची वस्तु राहत नाहींत. ते हक्क मागणारे, हिशेब ठेवणारे, राज्यकर्त्यांशीं बोलणारे पुरुष होतात.

४

आतां मूरकडे पुन्हां वळावयाचें. मूर केवळ लिहिणारा नव्हता, संग्राहक होता. म्हणून आमच्या वाचकांच्या तो अधिक जवळचा. त्यानें मूर्ति जमविल्या, चित्रें जमविलीं, आणि त्यांवरून आपल्या ग्रंथाचीं पानें भरलीं. विलायतेस परतल्यावर सफोक परगण्यांतील ग्रेट बीलिंग्ज येथील आपल्या आवारांत त्यानें पिरॅमिडाच्या घाटाची एक बांधणी केली व तींत हिंदु देवतांच्या दगडी मूर्ति बसविल्या. त्याच्या संग्रहाचा कांहीं भाग १९४० सालीं ब्रिटिश म्यूझियममध्यें दाखल झाला.

त्या मूर्तींस तेथें ऊन-पाऊस लागतो म्हणून आम्ही हळहळत नाहीं. आपल्याकडेहि वेशीबाहेर झाडाखालीं कितीक वीरगळ व भग्न मूर्ति पडलेल्या आहेत. हळहळ वाटते ती निराळ्या कारणानें. मूर्ति घडवितांना तिचें ध्यान ठरतें, स्थापनेच्या वेळीं प्राणप्रतिष्ठा होते, भंगल्यास विसर्जनाचा विधि असतो. या क्रमांत बागेची शोभा हें स्थान कोठेंच नाहीं. ज्यानें या देवतांवर एवढा ग्रंथ लिहिला त्यास हें ठाऊक नसेल असें कसें म्हणावें? ज्ञान मिळविणें आणि आदर राखणें या दोन गोष्टी एकाच माणसांत एकत्र नांदतातच असें नाहीं.

उचललेल्या वस्तूची नोंद राहिली नाहीं म्हणजे ज्ञानाचीहि कशी हानि होते, याचें जुनें उदाहरण घारापुरीचें आहे. तेथील लेण्याच्या दाराशीं एक शिलालेख होता. पोर्तुगीजांनीं तो काढविला. वाचणारा कोणी मिळेना म्हणून तो पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला. आणि तेथें तो नाहींसा झाला. दियोगु दु कोउतु या पोर्तुगीज इतिहासकारानेंच हें लिहून ठेविलें आहे. घारापुरीचीं लेणीं कोणीं व केव्हां कोरविलीं यावर आजवर जो वाद चालला आहे, तो त्या एका दगडानें कदाचित् मिटला असता. जिज्ञासेपोटीं उचललेला दगड जिज्ञासेच्याच उपयोगीं पडला नाहीं.

५

येथवर परक्यांचा हिशेब झाला. हिशेब एकतर्फी ठेवणें हें संशोधकास शोभत नाहीं. म्हणून चिंचवडाहून उत्तरेस वळूं. चाकण व राजगुरुनगर या वाटेनें भीमाशंकरास गेलेल्या प्रत्येक यात्रेकरूनें तेथील मोठी घंटा पाहिलेली असते. ती आपल्या ओतकामाची नव्हे. तिच्यावर ख्रिस्ती खूण असून इसवी सनाचे आंकडे आहेत. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांच्या घाटावरील देवळांत अशीच घंटा आहे. तिच्यावर १७०७ हा सन व बालयेशूस घेतलेली मेरी कोरलेली आहे. नाशिकास नारोशंकराच्या देवळाची घंटा १७२१ ची आहे. मे १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. त्या विजयाच्या खुणा म्हणून या व अशा घंटा देशावर येऊन देवळोदेवळीं टांगल्या गेल्या, अशी परंपरा आहे.

या घंटांविषयीं आपल्याकडे अभिमानानें बोलण्याची चाल आहे, आणि त्या अभिमानास कारणहि आहे. पोर्तुगीज अमलांत साष्टी-वसईकडील देवळांची काय गत झाली तें सर्वश्रुत आहे. बोरिवलीजवळील मंडपेश्वराच्या लेण्यांतच त्यांनीं चर्च केलें होतें. गोव्यांतील मंगेशास कुशस्थळ सोडून प्रियोळास जावें लागलें. अशा जुलमाखालीं पिचलेल्या लोकांस विजयाची घंटा गोड वाटली तर नवल नाहीं. शिवाय घंटांचें कांसें हें तोफा ओतण्याच्या उपयोगाचें. मोहिमेनें कर्जबाजारी झालेल्या सरकारानें त्या वितळविल्या असत्या तर कोणी दोष दिला नसता. त्या वितळविल्या नाहींत, देवापुढें टांगल्या. जी वस्तु एका देवाच्या सेवेंत होती ती दुसऱ्या देवाच्या सेवेंत ठेविली. मूरच्या पिरॅमिडांतील मूर्तीस जें लाभलें नाहीं तें या घंटांस लाभलें: त्यांचें काम चालू राहिलें. वसईच्या शरणागतीच्या कलमांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिलेली होती, हेंहि विसरतां कामा नये.

तरीहि प्रश्न उरतोच. भीमाशंकराची घंटा मुळांत कोणत्या चर्चची? तिच्या नादावर कोणत्या पाड्यावरचीं माणसें सकाळीं उठत होतीं? वसईकडील ख्रिस्ती समाज हा कांहीं लिस्बनहून आलेला नव्हे. तो याच भूमीचा, मराठीचीच बोली बोलणारा. घंटा गेली ती पोर्तुगीज राजाची गेली असें आपण म्हणतों. प्रत्यक्षांत ती आपल्याच भाषेंत प्रार्थना करणाऱ्या शेतकऱ्या-कोळ्यांचीहि गेली. शत्रूचें निशाण आणि शेजाऱ्याचें देवघर यांत भेद आहे, आणि तो युद्धाच्या धामधुमींत कोणासच दिसत नाहीं. घंटा परत करावी कीं नाहीं, या वादांत आम्ही पडत नाहीं. पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ ती ज्या देवळांत वाजत आहे त्या देवळाचाहि तिच्यावर आतां हक्क झाला आहे. परंतु घंटेवरील अक्षरें स्वच्छ वाचून, ठसे घेऊन, जवळ एका पाटीवर तिची उत्पत्ति लिहून ठेवणें, आणि वसईहून कोणी ती पाहण्यास आला तर त्यास तिच्याजवळ उभें राहूं देणें, एवढें तर वाद न घालतां करतां येईल. मूर्तींच्या बाबतींत विलायतेच्या संग्रहालयांकडून जी अपेक्षा आपण करतों, ती प्रथम आपण पुरी करावी.

६

या बाबतींत आदर्श कोणता, असें कोणी विचारील तर तो आपल्याच इतिहासांत आहे आणि तो नोंदविणारा शत्रुपक्षाचा आहे. खाफीखान हा शिवाजी महाराजांविषयीं अपशब्दावांचून लिहीत नाहीं. तरीहि आपल्या 'मुन्तखबुल्लुबाब'मध्यें तो कबूल करतो कीं मशिदी, कुराण व स्त्रिया यांस उपद्रव देऊं नये असा महाराजांचा सक्त नियम होता, आणि लुटींत कुराणाची प्रत हातीं आली तर ते तिचा मान राखून ती आपल्या एखाद्या मुसलमान सेवकाच्या स्वाधीन करीत.

या वाक्याचा पूर्वार्ध सर्वांस पाठ आहे. आम्ही वाचकांचें लक्ष उत्तरार्धाकडे वेधूं इच्छितों. महाराजांनीं ती पोथी जाळली नाहीं, विकली नाहीं. पण आपल्या देवघरांत मानानें ठेवूनहि घेतली नाहीं. जो ती वाचूं शकतो, ज्याच्या ओठांवर तीं अक्षरें जिवंत आहेत, त्याच्या हातीं दिली. पूज्य वस्तूचा मान तिला जपण्यानें अर्धाच होतो; ती जाणत्याच्या हातीं गेली म्हणजे पुरा होतो.

आतां आमचीच एक कबुली. आमच्याजवळ पुष्कळ वर्षांपासून एक रुमाल आहे. त्यांत कांहीं मोडी कागद, एका आरतीसंग्रहाचीं सुटीं पानें, आणि त्यांबरोबर अरबी अक्षरांतील एका धर्मग्रंथाचीं सात पानें आहेत. रुमाल याच टापूंतील एका पडक्या वाड्यांतून आला, एवढें आठवतें. कोणत्या गांवच्या, कोणाच्या घरून, तीं पानें त्या घरांत कशी आलीं, हें त्या दिवशीं घाईंत कोणी लिहून ठेविलें नाहीं. घरांतील वृद्ध गृहस्थांस तें नक्कीच ठाऊक होतें. ते आतां हयात नाहींत. ग्रॅहॅमबाईंनीं मुलास विचारलें नाहीं म्हणून आम्ही वर रोष केला. आम्हींहि त्या वृद्धास विचारलें नाहीं. तीं सात पानें अखेर आम्हीं ज्यांस तीं वाचतां येतात अशा एका मौलवी स्नेह्यांच्या स्वाधीन केलीं व नक्कल तेवढी ठेवून घेतली. पण त्यांचें घर मात्र कायमचें हरवलें.

७

हें सर्व आतांच लिहिण्याचें कारण असें कीं हा टापू झपाट्यानें पालटला आहे. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला; त्यामागून औद्योगिक वसाहत आली; १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली; चाकणच्या शेतांत मोटारींचे कारखाने उभे राहिले. चिंचवड, भोसरी, आकुर्डी, चऱ्होली, चाकण येथील जुने वाडे एकामागून एक उतरत आहेत, आणि उतरणाऱ्या वाड्यांतील दप्तरें बोलबोलतां रद्दींत जातात. संग्राहकानें धांव घेतलीच पाहिजे. पण धांवतांना टांक खिशांत असावा. रुमाल कोणाच्या घरून आला, कोणीं राजीखुशीनें दिला, घरांत त्याची पूजा होत होती काय, बाहेरच्यांस न दाखविण्याचा संकेत होता काय, हें तेथल्या तेथें लिहावें. घरधन्याची इच्छा नसेल तर मूळ ठेवून नक्कल घ्यावी. आणि छापतांना त्या घरचें नांव त्यांच्या संमतीनें आधीं यावें, आमचें मागून.

आणखी एक गोष्ट. फाळणीनंतर पिंपरीच्या छावणींत सिंधी कुटुंबें आलीं; कारखान्यांमागून दक्षिणेचे व उत्तरेचे कामकरी आले. मोशीस इंद्रायणीच्या घाटावर आतां छठपूजेस मोठी गर्दी होते. चिंचवडचा जुना रहिवासी हा आतां पाहणारा झाला आहे आणि पाहुण्यांचे देव पाहिले जात आहेत. सिंधी वृद्धांच्या पेटींत अरबी वळणाच्या लिपींतील पोथ्या आहेत. त्यांचीं नातवंडें ती लिपी विसरत चाललीं आहेत. कोणी अभ्यासकानें त्या घरीं जावें, प्रसाद घ्यावा, आणि विचारावें. घाटावरच्या बाईच्या सुपांत काय आहे व कां आहे, तें तिच्याच शब्दांत लिहून घ्यावें.

दोनशें वर्षांपूर्वीं चिंचवडच्या ओसरीवर एका मुलानें परक्यांच्या हातावर बदाम व खडीसाखर ठेविली. त्यांनीं ती घेतली, आणि त्याविषयीं आपल्याच मनाचें लिहिलें. आपल्या हातावरहि लोक आपापल्या पोथ्या ठेवीत आहेत. आपण काय लिहितों तें दोनशें वर्षांनीं कोणीतरी वाचील. इत्यलम्.